सूप काढलं की ज्वारी संपते

रोहण्याला आमचं घर म्हणजे एक गळकी खोली. पावसाळ्यात ज्वारी भिजायची, म्हणून ती काकाच्या घरी. कोठीच्या जागी आई नुसतं सूप टांगून ठेवायची. ते घ्यायचं आणि काकाकडे जायचं, हे घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा आत्या आली. तिनं सूप काढलं, तिथं हौसेनं नवी कोठी मांडली, आत डोकावली आणि भावाच्या घरात दाणा नाही म्हणून रडायला बसली.

पुढं मी पदवी घेतली, घराण्यातली पहिली, आणि सावंगीजवळच्या एका कॉलेजात संगणकांची देखभाल करू लागले. तात्पुरती. ग्रंथालयाच्या मशीनची डिस्क भरली, तेव्हा पुस्तकांच्या यादीची फाइल मी दुसऱ्या डिस्कवर नेली आणि जुन्या जागी सिम्बॉलिक लिंक ठेवली, फाइल खरी कुठं आहे एवढंच सांगणारी खूण. म्हणजे सूपच.

मला कायम करायचं ठरत होतं, नेमकं तेव्हाच आमच्या विभागप्रमुख सरांनी सॉफ्टवेअर अपग्रेड करायला घेतलं. स्वतः, कारण असली जोखमीची कामं तात्पुरत्या माणसांची नसतात. सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम, पॅकेज मॅनेजर, स्वतःचीच नोंद मानतो. इथं माझी फाइल हवी, ही लिंक कुठली? लिंक उडवली, कोरी फाइल मांडली. आत्याच ती, फक्त रडत नाही.

स्क्रीनवर एकही पुस्तक दिसेना. मागं कपाटं गच्च भरलेली, पण सरांचा भरवसा स्क्रीनवर. तात्पुरत्या मॅडमनी यादी उडवली, असं त्यांनी प्राचार्यांना कळवूनही टाकलं. कामाचा उरक दांडगा.

"काऊन मॅडम," शिपाईदादा म्हणाले, "पुस्तकं घरी नेऊन राह्यल्या का?"

प्राचार्यांसमोर मी एवढंच म्हणाले, "सर, यादी दुसऱ्या डिस्कवर आहे. अपग्रेडनं फक्त तिकडं जायची वाट काढून टाकली."

त्यांच्यासमोरच लिंक पुन्हा घातली. पुस्तकं परत आली. मग प्रोग्रामच्या सेटिंगमध्येच नवी जागा लिहिली, कारण सेटिंगची फाइल आपण बदललेली असली तर हा पॅकेज मॅनेजर आधी विचारतो. विभागप्रमुख म्हणाले, त्यांना हे ठाऊकच होतं. असणारच. ज्ञान होतं, फक्त लिंक तुटली होती.

त्याच महिन्यात मी कायम झाले. पुढं रोहण्याच्या घरावर पक्कं छत घातलं, आणि आमची ज्वारी आमच्याच घरात आली.