सर्व्हर वाढवला!

नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचे. कापसाच्या गाड्यांची वजनं, पावत्या, भाव, सगळं त्यातच. प्रोग्रॅम पुण्याचा, पण गावोगावच्या शेतकऱ्यांची नावं मी भरलेली. त्यामुळे नवा सर्व्हर आला तेव्हा मी तर हवेतच! घरात पहिला फ्रिज आला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

मालक मात्र कुरकुरत होते. "उद्या खरेदीचा मुहूर्त हाय. पयली पावती याच्यातून निघाली तं ठीक, नाही तं गुंडाळा हे सारं. हातानंच लिहू."

म्हणजे माझी नोकरीही गुंडाळलीच की! मी ठसक्यात म्हटलं, "निघते कशी नाही, पाहाच तुम्ही."

सकाळपासून जुन्या सर्व्हरवरची माहिती नव्यावर उतरवणं चालू होतं. पुण्याचा प्रोग्रॅमवाला फोनवर सांगायचा, मी करायचे. धास्ती एकच. जुना सर्व्हर एकदा बंद पडला की उठायला भारी नखरे करायचा, म्हणून आम्ही तो बंदच करत नव्हतो.

तसा 'बंद' हा शब्दही आमच्या ऑफिसात चालत नसे. मुनीमकाका जुन्या वळणाचे. दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. संध्याकाळी स्वतःचा कॉम्प्युटरसुद्धा ते 'वाढवत' आणि मग टोपी घालून घरी जात. मला फार हसू यायचं.

दुपारी मी वजनकाट्यावरची वायर तपासायला गेले. तेवढ्यात पुण्याचा फोन आला, तो काकांनी घेतला. नव्या मशीनवर जागा कमी पडत होती. तो सांगत होता, "आधी सर्व्हरवरची जागा वाढवा." लाईनवर ही खरखर! काकांना ऐकू आलं ते एवढंच, "आधी सर्व्हर वाढवा."

मी परत आले तर जुन्या सर्व्हरची घरघर गायब. काका त्याच्यापुढे हात जोडून उभे.

"काका, हे काय केलंत?"

"वाढवला. तुह्या पुण्यावाल्यानं सांगतलं."

"अहो, जागा मोठी करा म्हणत होता तो!"

"मंग तसं बोलावं ना त्यानं! वाढवा काऊन म्हणते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि दुसऱ्याच क्षणी खुदकन हसूही आलं. पण बटण दाबलं तर दिवा लागला नि विझला. पुन्हा तेच. मालक दारात येऊन उभे राहिले. शेवटी मी झाकणच उघडलं. अगं बाई! पंख्यात उशी भरेल एवढी रुई! काका आणि मी चिमट्याने ओढून ओढून ती काढली, बटण दाबलं, आणि घर्रर्र! मी अशी ओरडले की हमाल धावत आले. नव्यावर जागा वाढवून उतरवणं पहिल्यापासून करावं लागलं, पण दिवेलागणीपर्यंत सगळी नावं नव्या मशीनवर आली.

सकाळी मुहूर्ताची पूजा झाली, मोताळ्याकडची पहिली गाडी काट्यावर चढली. मी कळ दाबली. प्रिंटर गप्प. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकदम टर्र करून कागद बाहेर आला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि शेतकऱ्याला दिला.

"नाव बराबर हाय ना, पाहा."

"हाव, बराबर हाय."

माझे डोळे भरून आले, दिसेचना काही. मालक खेकसले, "रडून काऊन राह्यली वं? दुसरी गाडी उभी हाय, पावती काढ!"