शांताबाईंच्या वॉर्डातली सोबतीची माणसं

आम्ही तिघी जुन्या नर्सा चहाला बसलो की पेशंटांपेक्षा त्यांच्या सोबतीला राहणाऱ्या माणसांच्याच गोष्टी जास्त निघतात. एकीची संपत नाही तोवर दुसरीला तिची आठवलेली असते. लढाईच्या वर्षांत मी नगरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर शांताबाई. त्यांच्या हाताखाली शिकले, हे मी आजही मान ताठ करून सांगते.

*

काळजाच्या दुखण्याचे पेशंट आडवे झाले की त्यांना धाप लागे. पारनेरकडचे एक पाटील सदा बसूनच असत, आणि त्यांची बायको पाठीला पाठ लावून त्यांचा टेकू झालेली. शांताबाईंनी सुताराकडून खाटेला तिरकी फळी बसवून घेतली. पाटील टेकले. पाटलीणबाई तिथंच जमिनीवर आडव्या झाल्या आणि दिवसभर झोपल्या. राउंडला डॉक्टर आले तसे पाटील ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला, डाक्तर. आमची पेशंट आत्ता कुठं निजलीया."

*

कोल्हारच्या एका म्हातारीचं मीठ बंद केलं, तर सुनेनंही सोडलं. बिचारी अर्धी भाकरीसुद्धा संपवीना. शांताबाईंनी तिच्या ताटात मीठ वाढलं. सून म्हणाली, "आत्याबाईंना न्हाई, मग मला कसं ग्वाड लागंल?"

सासू धापा टाकत म्हणाली, "खा गं. तू पडलीस तर मला कोन उचलंल? आन् माज्या वाटचंबी खा."

*

शांताबाईंचा नियम होता: डॉक्टरांनी आधी सोबतच्या माणसाला विचारायचं, जेवलात का, झोपलात का. नवे डॉक्टर वैतागले. "सिस्टर, मी नक्की कुणाचा डॉक्टर आहे?"

"दोघांचा. एक थकला की दुसऱ्याचं कोण बघणार?"

डॉक्टरांनी नाइलाजानं समोरच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "व्हय, जेवले. तुमी?"

डॉक्टर सकाळपासून उपाशी होते. शांताबाईंनी राउंड थांबवून त्यांना बाकावर बसवलं आणि भाकरी वाढली. पुन्हा त्यांनी तो प्रश्न कधी चुकवला नाही.

*

राळेगणचे सखारामभाऊ बायकोला घेऊन आले होते. केस विंचरायला हात वर केला तरी तिला दम लागे. भाऊ म्हणाले, "मला येनी घालाया शिकवा." वॉर्डातले पुरुष हसले. शांताबाईंनी मला स्टुलावर बसवलं. तीन दिवस भाऊ माझ्या केसांवर शिकले. चौथ्या दिवशी बायकोची वेणी सरळ आली. तिनं आरसा मागितला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

श्रावणात ती गेली.

दिवसकार्य आटोपून भाऊ परत वॉर्डात आले. आम्हाला वाटलं, काही विसरलं असेल. ते म्हणाले, "कुनाला शिकायचं आसंल तर मी शिकवतो."

शांताबाईंनी कोपऱ्यातली खाट दाखवली. तिथं एक माणूस बायकोच्या केसांतला गुंता हातात धरून बसला होता. सखारामभाऊंनी त्याच्या हातातला कंगवा घेतला.

"आदी तू च्या पिऊन ये, दादा. तवर मी बसतो हितं."