वन्संच्या डोक्याची मागची बाजू

माझी थोरली नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत आणि त्यातली एकतीस त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबण्यात घालवली. त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकणारा स्टिअरिंगवर, शेजारी वन्सं, त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक आणि मागच्या सीटवर पुढच्या नंबराचे दोघंतिघं जीव मुठीत धरून. आजवर एकाच्याही केसाला धक्का लागलेला नाही. अपमान मात्र सगळ्यांचे झालेत. एका मुख्याध्यापकांना त्यांनी भर चौकात विचारलं होतं, "क्लच म्हणजे काय पाय ठेवायचं स्टूल आहे?"

मी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. एक खुर्ची, एक आरसा, एक गळकं बेसिन. वन्संच्या मते पार्लर ही रिकामटेकड्या बायकांची सोय, त्यामुळे वीस वर्षांत त्या खुर्चीत त्या कधी टेकल्या नव्हत्या. एका मंगळवारी दुपारी येऊन धाडकन बसल्या तेव्हा मला वाटलं, कोणीतरी गेलं.

"मला दहा वर्षांनी लहान कर," त्या म्हणाल्या. "एक तारखेच्या आत."

याला कारण स्कूलचा नवा मालक. हा जुन्या मालकाचा मुलगा. त्याला गाडी वन्संनीच शिकवली होती आणि त्यात एक फाटक कामी आलं होतं. त्याचं म्हणणं, लोकांना आता तरुण शिकवणारे हवेत, वयस्कर बाई शेजारी बसली की त्यांना भरवसा वाटत नाही. तेव्हा एक तारखेपासून मॅडमनी ऑफिसात बसून फोन घ्यावेत. वन्सं आणि फोन! चौकशी करणारा माणूस पुन्हा सायकललासुद्धा हात लावणार नाही. मला आधी हसूच आलं. मग आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि ते हसू जागच्या जागी विरलं. ती सीट गेली तर ही बाई वर्षभरात खरोखरच म्हातारी होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

कामाला लागले. पण असलं गिऱ्हाईक शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. कपाळावर झुलपं हवीत, कानशिलं काळी हवीत, बस्स. मी म्हटलं, "अहो वन्सं, टाळूवर विरळ झालंय. मागून आखूड केलं तर भरदार दिसेल."

"मागचं कोण बघतंय?"

रंगाचा ब्रश कानामागे गेला की माझा हात झटकायच्या. "वाया घालवू नकोस!" त्याचं असं, की गाडीत त्यांच्यापुरता एक छोटा आरसा काचेवर चिकटवलेला आहे. त्यात मागचा रस्ता दिसतो आणि मान जरा तिरकी केली की स्वतःची भुवयांपासून भांगापर्यंतची पट्टी. दिवसाचे आठ तास त्या स्वतःला एवढ्याच दिसतात. बाकीचं डोकं त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

पंधरा दिवसांत तीनदा झुलपं कापली. पहिल्या खेपेला माझ्या नवऱ्याने विचारलं, "ताई, कुठे पडलीबिडलीस का?" दुसऱ्या खेपेला त्या वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरीसारख्या दिसायला लागल्या. तिसऱ्यांदा मात्र जमलं. समोरून बघाल तर अठ्ठेचाळीसच्या वर एक दिवस नाही. मी माझ्यावरच खूश, मागचं मीसुद्धा विसरून गेले.

महिना संपायला दोन दिवस होते. बाजारात जायचं होतं, म्हणून वन्संनी मला गाडीत मागे बसवून घेतलं. मी समोर बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढून मावशी, मागून आजी! मानेवर पांढऱ्या केसांची शेपटी, तिला भाजीच्या जुडीचं रबर आणि टाळूवर लिंबाएवढं चकचकीत टक्कल. आणि त्याच क्षणी त्या स्टिअरिंगवरच्या पोरीवर खेकसत होत्या, "वळायच्या आधी मागे बघायचं! किती वेळा सांगू?"

घरी आल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मागे दुसरा आरसा धरला. त्यांनी हात मागे नेऊन टाळू चाचपली.

"हे असं दाखवत फिरले मी सगळ्यांना?" आवाज इतका बारीक, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नाक ओढून त्या नेहमीच्या पट्टीत आल्या. "काप. सगळं. आणि रंगव, मागूनसुद्धा!"

मानेपर्यंत बॉब केला. काळाभोर.

एक तारखेला सकाळी त्या मला साक्षीला घेऊन गेल्या. त्या त्यांच्या सीटवर, मी मागे. मालक बाहेर आला, थबकला, गाडीभोवती एक चक्कर मारली. "वा, मॅडम. असं असेल तर बघू आपण." वन्संनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, पण कान लाल झाले होते.

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, दोनदा लायसन्सच्या परीक्षेत नापास झालेल्या. त्यांनी मागचं दार उघडलं, पुढच्या सीटवरचं काळं डोकं बघितलं आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"ही कोण नवीन पोरगी? मी नाही बसायची. मला त्या पांढऱ्या केसांच्या बाई द्या."

"अहो, पण तरुण..." मालक म्हणाला.

"चुलीत घाला तुमचं तरुण! महिनाभर मी या सीटवर बसून ते पांढरं डोकं बघतेय. गाडी ट्रकच्या अंगावर जायला लागली की मनात म्हणते, ही बाई इतकी पिकली तरी अजून जिवंत आहे, म्हणजे आपणही घरी पोचू. या पोरीला ब्रेक तरी सापडेल का?"

वन्संनी अख्खी मान वळवली. "बसा आधी आत! आणि दार नीट लावा, परवाही अर्धंच लावलं होतंत."

आवाज ओळखून शिवणवाल्या बाई लगबगीने आत बसल्या. मालक ऑफिसात गेला. आत फोन वाजत होता, तो त्यानेच घेतला.

मागचा रंग उतरायला सहा महिने लागले. वन्सं आता दर महिन्याला पार्लरमध्ये येतात. पुढची झुलपं, कानशिलांचा रंग, सगळं साग्रसंगीत. मग दुसरा आरसा मागून घेतात आणि मागचं पांढरं कुठवर आलं ते नीट निरखतात. माझा ब्रश चुकून कानामागे गेला तर अजूनही हात झटकतात.

"मागचं राहू दे," म्हणतात. "ते कामाचं आहे."