कांद्याच्या गोंड्यावरचा पांढरा कोळी

"मामा, तुम्ही औषध मारलंय. माझ्या माश्या मेल्यात," अशोकदादा म्हणाला आणि पेट्यांना पट्टे बांधायला लागला.

"आरं, न्हाई मारलं. कितींदा सांगू?" शब्बीरमामांचा आवाज चढला.

मी नुकतीच गाडी लावत होते. केंदूरला मामांचा कांदा बियाण्याचा प्लॉट आणि मी बियाणं कंपनीची फिल्ड ऑफिसर. कांद्याला बी धरायचं तर गोंड्यांवर, म्हणजे त्याच्या पांढऱ्या गोल फुलोऱ्यावर, मधमाश्या फिराव्या लागतात. म्हणून दौंडच्या मधपाळ अशोकदादाकडून त्यांच्या पेट्या आणलेल्या. संध्याकाळी माश्या आत परतल्या की तो त्या उचलणार होता. पेट्या गेल्या की मामांचं बी गेलं.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "फ्लॉवरिंगमध्ये स्प्रे केला असेल तर प्लॉट रिजेक्ट. आजच सांग." मला राग आला. एसीत बसून रिजेक्ट म्हणायला काय जातंय?

"दादा, पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्या आहेत का?"

"न्हाईत. समद्या फुलावरच हायेत. बघा की."

हे मला खटकलं. औषध लागलं की बहुतेक वेळा पेटीच्या तोंडाशी माश्यांचा सडा पडतो. इथे काहीच नव्हतं. एका गोंड्यावर लटकलेली माशी मी चिमटीत धरून ओढली. येईना. अजून ओढली, तर पलीकडून कुणीतरी ओढायला लागलं.

मी मातीत गुडघे टेकले. त्या फुलांतलं एक फूल पाय आवळत होतं. कोळी! गोंड्याइतकाच पांढरा, पुढचे पाय खेकड्यासारखे पसरलेले. हा जाळं विणत नाही. फुलात फूल होऊन बसतो आणि माशी आली की तिची मान धरतो. कॉलेजात वाचलेलं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

मामा वाकले. "आयला, ह्यो तर खेकडाच की. आमच्या वढ्यातला बी असाच. दगडाजवळ बसला की दगडच दिसतो. पाय पडल्याबिगर कळत न्हाई."

अशोकदादा हटेना. "बांधावरच्या मोहरीत बी माश्या मेल्यात. पिवळ्या फुलात पांढरा कोळी लपंल व्हय?"

मुद्दा बरोबर होता. माश्यांना ओढ लागावी म्हणून लावलेली ती मोहरी ऐन फुलात होती. मी एकेक मेलेली माशी ओढत सुटले. दोन-तीन सुटून हातात आल्या. पुढची येईना. खाली कोळी, हळदीसारखा पिवळा. आधीच्या सुटलेल्या माश्या त्यानंच चोखून टाकलेल्या.

"जात तीच," मी जवळजवळ ओरडलेच. "पिवळ्या फुलावर काही दिवस बसली की ह्यांची मादी पिवळी होते!"

अशोकदादानं त्याला काडीनं डिवचलं, तसा कोळी तिरका तिरका पळाला. दादा बांधावर बसून हसायलाच लागला. मग उठून त्यानं पट्टे सोडले. "मामा, चुकलं माझं."

"ऱ्हाऊ दे. च्या घ्या आधी." मामांनी पुन्हा गोंड्याकडं पाहिलं. "आन् म्याडम, ह्या कोळ्यावर कंचं औषध मारायचं?"

"मामा!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

साहेबांना मी स्प्रे झालाच नाही म्हणून कळवलं. पेट्या राहिल्या. बी भरघोस आलं. कोळ्यांनी त्यांच्या वाट्याच्या माश्या खाल्ल्याच, पण पेट्यांतल्या गर्दीला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र आता फुलावर मेलेली माशी दिसली की आधी ओढून बघते. सुटली आणि आसपास कोळीही नसला, तरच शेतकऱ्याला जाब विचारते.