टापटीप जमादार

इंदापूरचे जमादार आमच्याकडे चहाला आले की माझ्या हातून काहीतरी सांडायचंच. त्या सकाळी बशीच कलंडली. मी फडकं शोधेपर्यंत त्यांनी स्वतःच्या रुमालाने पाट लख्ख पुसला.

"टापटीप पायजे, तात्या," ते म्हणाले. आमच्या दारातल्या चपलासुद्धा जोडीने लावून मगच ते आत येत.

तेवढ्यात कळसहून खुनाची वर्दी आली आणि पंच म्हणून त्यांनी मलाच नेलं. एका शेतकऱ्याला कुणीतरी त्याच्याच अंगणात कोयत्याने मारलं होतं. मऊ मातीत मारेकऱ्याची पावलं उमटली होती आणि मयताची बायको त्यांवर कुणाला पाय ठेवू देत नव्हती. प्रेत बघून मला भोवळ आली, म्हणून हा शूर पंच बांधावर जाऊन बसला. परत येऊन बघतो तर अंगण झाडून वर शेणसडा घातलेला आणि कोयता धुऊन भिंतीला टेकवलेला.

"अहो जमादार, हे काय केलंत?"

"पुण्याचं सायेब येणार हायेत. असल्या घाणीत उभं करायचं व्हय त्यास्नी?"

ती बाई ओल्या सड्याकडे बघत म्हणाली, "तेवढी पावलंच व्हती माज्याकडं."

मारेकरी सापडला नाही. जमादारांच्या पोटात पाप नव्हतं, त्यामुळे धड भांडताही येईना.

पुढच्या खेपेला मी पुन्हा चहा सांडला. जमादारांनी रुमाल काढला, तशी आमची मंडळी आतून आली नि म्हणाली, "राहू द्या, जमादार. कळसला पुसलंत तेवढं पुरे झालं."