मागे मागे सरणारा पाहुणा

दवाखान्यातल्या सगळ्यांची ती मावशी. डॉक्टरांची मावशी, नर्सची मावशी, बाळंतिणींची मावशी, आणि पाठीमागे सगळ्यांची फिनाइलमावशी. हे नाव तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकतीस वर्षं तिनं तिसरा मजला पुसला. माझ्या फरशीवर ताट न घेता जेवायला बसा, असं ती नव्या नर्सना छातीठोकपणे सांगायची. घरीही तोच खाक्या. लेकीनं एके काळी खिडकीत चार कुंड्या ठेवल्या होत्या. मावशीनं त्यांच्या बशासुद्धा रोज फिनाइलनं पुसल्या आणि चारही रोपं माना टाकून गेली. लेक नोकरी लागून वेगळी राहायला निघाली, तेव्हा त्या रिकाम्या कुंड्यांकडे बघून म्हणाली, "आई, तुझ्या घरात काही जगत नाही गं."

हसतच म्हणाली होती. पण मावशीच्या ते जिव्हारी लागलं. त्यानंतर सहा वर्षं लेक महिन्यातून एकदा यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, चहा प्यायची आणि निघायची. राहिली कधीच नाही. तिला राहा म्हणायला मावशीची जीभ उचलायची नाही. नको म्हणाली तर काय घ्या!

तीच लेक एका सकाळी काचेची पेटी छातीशी धरून दारात उभी राहिली. आत एक वाळकी फांदी, पाण्याची बशी आणि एक गोल, मळकट पिवळा बेडूक होता. आत्ताच कुणाचा तरी ओरडा खाल्ल्यासारखा चेहरा करून बसलेला.

"ऑफिसातली मैत्रीण दुसऱ्या गावी गेली, जाताना माझ्या गळ्यात मारून गेली. आठवडाच झालाय," लेक म्हणाली. "आणि आता मला तीन महिने ट्रेनिंगला जायचंय. तू ठेवशील? दुसरं कुणी नाहीये गं."

"खातो काय हा? कुठला आहे?"

"परदेशी आहे म्हणे. दुकानदारानं चिठ्ठी दिलीय बघ. झाडावरचा बेडूक, रोज रातकिडे, पेटी स्वच्छ ठेवा. बस."

'दुसरं कुणी नाही' हे मावशीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लेकीनं एक जीव तिच्या हाती दिला होता, तेवढंच तिनं घट्ट धरून ठेवलं. हा बेडूक जगवायचा. लेक परत येईल तेव्हा तो जिवंत दाखवायचा. मग बघू कोण काय म्हणतं ते.

चिठ्ठीतलं 'स्वच्छ ठेवा' तिला फारच पटलं. रोज सकाळी या बेडूक पाहुण्याला बादलीत बसवून ती पेटी फिनाइलनं घासायची, पुसायची, चकचकीत करायची. जिनं जन्मभर किडे मारले, तिच्या ओट्याखाली आता भोकं पाडलेल्या डब्यात रातकिडे किरकिरत होते, तेही तिनं सोसलं. पण पाहुणा तोंड उघडेना. सहाव्या दिवशी त्याचं कातडं निस्तेज पडलं आणि मागचे पाय लुळे वाटायला लागले. पेटी तशीच उचलून मावशीनं जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर कुत्र्यामांजरांतले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "बेडकातलं मला फार कळत नाही हो. पण हा तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. त्याच्या अंगाला जे लागेल ते सगळं पोटात जाणार. पेटी कशानं धुता?"

मावशीनं फिनाइलच्या वासाचे हात पदराखाली घेतले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला फिनाइल म्हणायची लाज वाटली.

"साधं पाणी," डॉक्टर म्हणाले. "तेही नळाचं, क्लोरीन उडून जायला एक दिवस उघडं ठेवलेलं. बाकी त्याला काय हवं ते तुम्हीच बघा. मी बघणार पाच मिनिटं, तुम्ही बघाल दिवसभर."

मग मावशीनं चार दिवसांची रजा टाकली. सुपरवायझरला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. "बेडूक आजारी आहे," असं तिनं सरळ सांगितलं आणि त्यांचं उघडं तोंड मिटायच्या आत निघालीही.

स्टूल ओढून ती पेटीसमोर बसली. तळाशी नुसत्या पाण्यात उकळलेलं ओलं फडकं अंथरलं होतं. पाहुण्याच्या अंगावर जरा तकाकी आली होती, पण खाणं नव्हतं. फांदीकडे तर तो ढुंकूनही बघत नव्हता. झाडावरचा बेडूक म्हणे! दुसऱ्या दिवशी दुपारी तो हलला. पुढे नाही, मागे. बूड हलवून डावा पाय सारला, उजवा सारला, आणि फडक्याच्या घडीत मागे सरला. पुन्हा डावा, उजवा, मागे.

मावशी ताडकन उभी राहिली. ही चाल तिची होती! पुसलेल्या फरशीवर पाय द्यायचा नाही म्हणून डावीकडे हात, उजवीकडे हात, एक पाऊल मागे, अशी ती एकतीस वर्षं चालत आली होती. पण पुसणारी बाई मागे सरत सरत दाराशी पोचते. हा मेला कुठं पोचायला बघतोय?

तिनं वाकून पाहिलं. फडकं बाजूला सरलं होतं आणि पाहुणा काचेच्या तळावर टाचा घासत होता. घासून घासून त्या लालबुंद झाल्या होत्या. त्याला खाली जायचं होतं. त्याला माती हवी होती, आणि आपण त्याला काचेवर ठेवलंय. मावशीला रडूच आलं.

"खत नको, औषध नको, नुसती माती दे," ती आपल्या दवाखान्याच्या माळ्याला म्हणाली.

"मावशी, तुम्ही आणि माती? आज सूर्य कुठून उगवला?"

"थट्टा मग कर. आधी बादली भर."

ती बादली तिनं स्वतः जिना चढून घरात आणली. उंबऱ्याशी क्षणभर पाय अडखळला, मग आत गेली. ओंजळीओंजळीनं माती पेटीत भरली. पाहुणा मातीवर बसला, थबकला आणि मग डावा, उजवा करत असा उतरला की शेवटी नुसते दोन डोळे वर उरले. त्या संध्याकाळी त्यानं चार रातकिडे मटकावले.

दोन महिने दर दोन-तीन दिवसांनी वर यायचा, खायचा, जायचा. मग येईनासाच झाला. आठवडा गेला, दोन गेले. फोनवर लेक म्हणाली, "दाखव ना." मावशी म्हणाली, "झोपलाय." डॉक्टरही तेच म्हणाले, मातीतले बेडूक असे झोपतात, जरा ओल ठेवा, उकरू नका. मावशीचे हात शिवशिवायचे, पण तिनं उकरलं नाही. एकदाच ओलं बोट आत घातलं. कातडं थरारलं तशी ती हलकेच बोट काढून उठली.

लेक आली ती बॅग दारातच टाकून थेट पेटीकडे गेली. आत नुसती माती. तिचा चेहरा उतरला.

"आई, खरं सांग. गेला ना? मी नाही रागावणार."

त्या समजूतदारपणाचा मावशीला राग आला. "बाही वर कर. हात ओला कर." तिनं लेकीचं बोट धरून मातीत हळूहळू खाली नेलं. लेकीनं एकदम श्वास रोखला.

"हललं! आई, ढकलतोय मला!"

"ढकलणारच. तू झोपमोड केलीस."

लेक हसली, डोळे पुसले, गालाला माती लागली. "काढू या का? घरी न्यायचाय."

"तुझा आहे, काढ. मी नाही काढणार. पेटी उचललीस तरी त्याच्या अंगावर माती ढासळेल."

"मग उठणार कधी?"

"उठेल तेव्हा उठेल."

"तोवर मी काय करू?"

मावशीनं पेटीच्या कडेवर सांडलेली माती बोटानं आत लोटली.

"राहा," ती म्हणाली.

लेकीनं बोटानं केलेलं भोक चिमूटचिमूट मातीनं बुजवलं, वरून तळव्यानं हलकेच थापटलं. मग उठून दारातली बॅग आत ओढली.

"पांघरूण आहे का माझं अजून?"

मावशीनं तशाच मातीच्या हातांनी कपाट उघडलं.