पाळण्याला पाणी पाजणारा नाखवा

मांडव्याच्या जेटीवरून आत येणाऱ्या रस्त्यालगत करमणुकीची एक मोठी बाग उभी राहिली आहे. तिचं पत्रक दिवाळीच्या आधी घरी आलं. नातीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. यंदाची नवी आकर्षणं म्हणून पाण्याची घसरगुंडी, उलटी फिरणारी बोट असं बरंच काही होतं. त्याखाली ‘परत येत आहे’ असं लिहून एका लाकडी पाळण्याचं चित्र होतं, आणि नाव दिलं होतं ‘दारुड्याचा पाळणा’. फिरताना हा पाळणा मुद्दाम झुलतो, डगमगतो, लोक किंचाळतात आणि हसतात. सोबत इतिहासही छापला होता: पूर्वी इथल्या जत्रेत एक पाळणेवाला यायचा, तो प्यायल्याशिवाय उभाच राहू शकत नसे, आणि एका वर्षी त्याने नशेत पाळणा पाडला.

नात हसली. मी पत्रक तिच्या हातातून ओढून घेतलं. ती घाबरली, कारण मी तिच्यावर कधी आवाज चढवलेला नाही.

त्या पाळणेवाल्याने दारू पिऊन पाळणा पाडला नाही. ते वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलं आहे. पन्नासच्या दशकात, देवळाच्या सभामंडपात बसून, माझ्या या हाताने. मला राग बागवाल्यांचा आला आहेच, पण त्यांनी बिचाऱ्यांनी लिहून ठेवलेलं खोटंच छापलं. पहिलं खोटं माझं. म्हणून आता सगळं सांगतो.

आमचं गाव रेवसपासून बैलगाडीच्या अंतरावर, भातशेतीचं. चैत्रात देवाची जत्रा भरे. मी नुकता मॅट्रिक झालो होतो आणि गावात शाई-टाक धरणारा तेवढाच एक होतो, म्हणून पंचांनी मला जत्रेचं लिहिण्याचं आणि कर्ण्यावरून पुकारण्याचं काम दिलं. ‘या हो या, नवे खेळ, जुने खेळ’ असं मी पुकारायचो. मला स्वतःचाच आवाज फार आवडायचा. लिहिणारा म्हणून लोक मला मास्तर म्हणू लागले होते.

जुना खेळ म्हणजे तो पाळणा. खाडीपलीकडचा एक कोळी दरसाल मचव्यातून लाकडं आणायचा आणि रेवसच्या धक्क्यावर उतरवून गाडीने गावात यायचा. पूर्वी त्याची स्वतःची होडी होती, म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणत. बसायच्या चार पेट्या, मधला आडवा कणा, दोन बाजूंना मेढी म्हणजे जाड खांब, आणि सगळं काथ्याच्या दोराने बांधलेलं. खिळा एकही नाही. तो आणि त्याची बायको हाताने ढकलून पाळणा फिरवत.

त्याची एक पद्धत होती. दोर अगदी कोरडा असताना तो आवळून बांधायचा आणि मग खाडीचं खारं पाणी कळशीने त्यावर ओतायचा. काथ्या पाणी प्यायला की फुगतो आणि गाठ दगडासारखी होते. ऊन चढलं की तो पुन्हा ओतायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. याला तो ‘पाजणं’ म्हणायचा. “थांबा वाईच, पाळण्याला पाजतो,” म्हणाला की रांगेतली माणसं हसायची. “नाखवा, आम्हाला पण पाज की!” तो म्हणायचा, “तुमी खारं प्याल त घराकरची वाट इसराल.” त्याच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ व्हायचा.

दारूबंदीचा काळ होता, म्हणून या विनोदाला जरा जास्तच हशा मिळायचा.

त्या वर्षी मुंबईहून लाँचने एक नवा खेळ आला: इंजिनावर फिरणारे पत्र्याचे घोडे. मुंबईत कामाला असलेली गावची माणसं बायकामुलांना घेऊन जत्रेला येणार होती. आमचे मुख्य पंच, ज्यांना सगळे काका म्हणत, त्या घोड्यांनी हरखून गेले होते. ते पाळण्याजवळ आले आणि त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

“मुंबईची माणसं येणार, आणि आपल्या पाळण्याला बोंबलाचा वास! हे दोर आधी देवाच्या तळ्यात बुडवून काढा. शुद्ध झाल्याशिवाय आवारात एक काठी उभी करायची नाही. आणि खाडीचं पाणी देवाच्या अंगणात शिंपायचं नाही.”

नाखवा हात जोडून म्हणाला, “काका, वला दोर बांधला त सुकल्यावर सैल परतो. सुका बांधायचा न् मंग पाजायचा. न् देव बी खारीतनंच आला ना?”

खरंच होतं. आमचा देव एका कोळ्याच्या जाळ्यात सापडला, असं गावात लहान पोरही सांगेल. पालखीच्या वेळी आम्ही ती कथा कौतुकाने गायचो. पण ज्याच्या आजाच्या जाळ्यात देव सापडला असेल, त्याच्या दोराला आमच्या देवाच्या अंगणात वास येत होता! आज हे लिहिताना मला संताप येतो. तेव्हा मात्र मी हसलो. काकांना बरं वाटावं म्हणून हसलो.

“तू देवाचं मूळ सांगू नको, पाळणा बांध,” काका म्हणाले, आणि मला बजावलं, “तू लक्ष ठेव.”

मी लक्ष ठेवलं. दोर तळ्यात बुडवून घेतले आणि तसेच ओले बांधून घेतले. नाखव्याची बायको कळशी घेऊन खाडीकडे निघाली, तेव्हा मी तिला हटकून परत पाठवलं.

जत्रेच्या दिवशी ऊन कडक होतं. दुपारी पत्र्याच्या घोड्यांचं इंजिन बंद पडलं आणि सगळी गर्दी पाळण्याकडे वळली. नाखव्याने पाळणा थांबवला आणि तो माझ्याकडे आला.

“मास्तर, दोर हसतो.”

“म्हणजे?”

“गाठीनं तोंड उघारलं. अर्धा घंटा द्या, सोरून बांधतो. न्हायतर दोन कलशी पाजू द्या.”

मी गाठ पाहिली. बोट आत जात होतं. मला सगळं कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहितो आहे. पण मी कर्ण्यावरून नुकतंच पुकारलं होतं की जुना पाळणा चालू आहे, या हो या. समोर मुंबईची माणसं उभी होती. आणि कळशीचं विचारायला काकांकडे जायची मला भीती वाटली.

“आरतीच्या वेळी लोक देवळात जातील, तेव्हा बांध,” मी म्हणालो.

“तंवर ऱ्हानार न्हाय, मास्तर.”

“जत्रा तुझ्यासाठी थांबवू काय? चालव.”

तिसऱ्या की चौथ्या फेरीला कणा एका बाजूने घसरला. वरची पेटी खालच्या पेटीवर आदळली. जत्रेसाठी माहेरी आलेली एक तरुण बाई खालच्या पेटीत होती. तिचा हात कोपरापासून मोडला आणि पुढे कधी सरळ झाला नाही. नाखव्याने घसरणारा कणा खांद्यावर तोलून धरला होता, म्हणून बाकीचे वाचले. त्याचा खांदा सोलून निघाला होता. हेही कुठे लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले. सभामंडपात जबाब झाला. लिहायला मीच. फौजदारांनी विचारलं, “पाळणा पडला कसा?”

नाखवा म्हणाला, “साहेब, काल पाजायचं ऱ्हायलं. मी रोज पाजतो. पाजल्याबिगर त्यो उभा ऱ्हात न्हाय.”

“कोण उभा राहत नाही?”

मागून कोणीतरी ओरडलं, “तो स्वतःच!” सगळा मंडप हसला. फौजदार परगावचे. तेही हसले, आणि मग एकदम कडक झाले. “रोज पितोस?”

“पितो म्हंजे, दोर पितो साहेब...” त्याचं पुढचं बोलणं हशात बुडालं.

काका माझ्या कानाशी वाकले. “लिही: मी रोज पितो. प्यायल्याशिवाय मला उभं राहता येत नाही. काल नशेत होतो.”

पाजतो आणि पितो. एवढाच फरक. तो मला ठाऊक होता. त्या मंडपात माझ्याइतका तो कोणालाच ठाऊक नव्हता. मी मान वर करून ‘साहेब, हा दोराविषयी बोलतोय’ एवढे चार शब्द बोललो असतो तर संपलं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की काल पाजू कोणी दिलं नाही? मी टाक दौतीत बुडवला आणि काकांनी सांगितलं तसं लिहिलं. ‘नशेत’ हा शब्द तर मी वळणदार काढला.

नाखव्याला वाचता येत नव्हतं. अंगठा लावण्याआधी त्याने मला विचारलं, “मास्तर, मी सांगितला ता लिवला ना?”

“हो,” मी म्हणालो.

त्याला तालुक्याला नेलं. दारूबंदीचा गुन्हा आणि वर दुखापतीचा. कित्येक महिन्यांनी सुटला, पण पाळणा घेऊन पुन्हा कुठल्याच जत्रेला गेला नाही. कोण बोलावणार? पुढच्या चैत्रात त्याची बायको लाकडं न्यायला आली. मला पाहून थांबली. “आमच्या घरान कोन पीत न्हाय, मास्तर,” एवढंच बोलली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. गावात तोवर डगमगणाऱ्या प्रत्येक वस्तूला ‘दारुड्याचा पाळणा’ म्हणायची पद्धत पडली होती. खाट हलली की दारुड्याचा पाळणा. मीही म्हणत आलो. साठ सालानंतर काका वारले, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तेव्हा मी पंचांत बसू लागलो होतो.

पत्रक आल्यावर मी बागेच्या कचेरीत गेलो. तिथला तरुण व्यवस्थापक सभ्य होता. चहा दिला. म्हणाला, “आजोबा, आम्ही मनाने काही लिहिलेलं नाही. देवस्थानाच्या जुन्या दप्तरात जबाबाची नक्कल आहे. लेखी पुरावा आहे.”

“तो पुरावा मी लिहिलाय. खोटा आहे.”

तो जरा गोंधळला. मग हसून म्हणाला, “लोकांना नाव आवडलंय हो. आणि त्यात कोणाचं नाव थोडंच घेतलंय?”

नाव घेतलेलं नाही म्हणे! खाडीपलीकडे त्याची नातवंडं-पतवंडं आहेत. त्यांच्या घरी हे पत्रक गेलं नसेल? ती मुलं या रांगेत उभी राहिली तर कुठे बघतील? देवस्थानातही गेलो. आताच्या पंचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जत्रेची बदनामी कशाला. माणसाची झाली ती चालते!

मागच्या रविवारी मी त्या पाळण्याच्या रांगेशेजारी उभा राहिलो आणि येईल त्याला सांगू लागलो. बहुतेकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग आहे. काहींनी फोटो काढले. एका बाईने मात्र सगळं ऐकलं, जबाबापर्यंत. मग विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?”

मी म्हणालो, “भ्यालो.”

 ती रांगेतून बाहेर पडली आणि तिच्या मागच्या बाईला म्हणाली, “आजोबा काय म्हणतात ते आधी ऐका.”